कौल काही बसेना

विमान बांधायला मला चार वर्षं लागली, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. माझी तक्रार आहे ती विमानाच्या तोंडावर बसवायच्या झाकणाबद्दल. विमान बांधलंच का, हे कृपा करून विचारू नका. करुणा, म्हणजे आमची बायको, चार वर्षं तेच विचारतेय आणि तिलाही मी अजून उत्तर दिलेलं नाही. माझं नाव हौसराव. ज्याचं नावच आईबापांनी असं ठेवलंय, त्याचं पोस्टाची तिकिटं जमवून भागलं नसतं, एवढं समजून घ्या.

मी सणसवाडीच्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे. क्वालिटीला असणं म्हणजे दुसऱ्यानं मन लावून केलेल्या कामात चुका काढणं. एकतीस वर्षं हेच करतोय, त्यामुळे स्वभावही तसाच झालाय. शिरूरला आमच्या सोसायटीत मला 'अर्धा मिलिमीटर' म्हणतात. तोंडावर नाही म्हणत, पण मला ऐकू येईल इतपत मोठ्यानं म्हणतात.

आता फ्लॅटमध्ये काही विमान मावत नाही. म्हणून ते बांधलं सासुरवाडीला, केंदूरच्या पुढं टेकाडवाडीत, मेंढरांच्या जुन्या शेडमध्ये. सासूबाईंची, म्हणजे वच्छलाबाईंची, मेंढरं केव्हाच गेली, घरी शेती आली आणि शेड उरली. माझा मेव्हणा मल्हार तिथं कांदा साठवायचा. विमान आल्यापासून कांदा बाहेर ताडपत्रीखाली गेला. मल्हार त्यावरून मला एका शब्दानं बोलला नाही, कारण जावयाला बोलायची आमच्यात पद्धत नाही. तो फक्त मी गेलो की शेडच्या दारात उभा राहायचा, एकदा कांद्याकडे बघायचा, एकदा विमानाकडे बघायचा आणि "असू द्या, दाजी" म्हणायचा. मी काही बोललो नसतानाही म्हणायचा.

तर झाकण. विमानाच्या इंजिनावर फायबरची दोन अर्धी झाकणं बसतात. एक खालून, एक वरून, कडेनं बावीस स्क्रू. पुढच्या दोन भोकांतून वारा आत शिरतो आणि इंजिन थंड ठेवतो. समोरचा पंखा आणि झाकण यांच्यात बरोबर सहा मिलिमीटर फट पाहिजे. पुस्तकात या प्रकाराला 'काऊलिंग' म्हणतात आणि एका दुपारचं काम म्हणून लिहिलंय. ज्यानं लिहिलंय त्याला एकदा भेटायचंय मला.

हे झाकण बनवायला मी दौंडच्या पोपटरावांना सांगितलं. पोपटराव रेल्वेतनं फिटर म्हणून रिटायर झालेले. आता फायबरचं काम करतात. टेम्पोचे टप, पाण्याच्या टाक्या आणि कृषी पर्यटनवाल्यांसाठी फायबरच्या गाई. माणूस कामाला चोख, असं सगळ्यांनी सांगितलं. ते आले, त्यांनी इंजिनाभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि वितीनं माप घ्यायला लागले. मी माझा मापाचा व्हर्नियर पुढं केला.

"ठिवा तो खिशात," पोपटराव म्हणाले. "साहेब, आख्खी हयात रेल्वेच्या इंजनात गेली आमची. तुमचं हे इंजन म्हंजी आमच्याकडं फिटर लोक डब्यात घालून घरी न्यायचे."

मी अपमान गिळला. कामाच्या माणसाशी भांडायचं नसतं.

"हे वरचं काय म्हणला? कौल ना?"

"काऊल."

"तेच की. कौल. देतो करून."

तिथंच माझं चुकलं. आयुष्यभर अर्ध्या मिलिमीटरसाठी भांडलेला माणूस मी, पण त्या दिवशी एका मात्रेसाठी भांडलो नाही. म्हटलं, कौल तर कौल, नावात काय आहे. नावात किती काय काय आहे ते पुढं कळलं.

पहिलं झाकण आलं ते खालच्या बाजूनं सायलेन्सरच्या नळीवर टेकलं. मी ते तिथं कापलं. फायबर कापलं की त्याची भुकटी उडते आणि ती अंगाला लागली की माणूस तीन दिवस गाढवासारखा भिंतीला पाठ घासत फिरतो. मी कारखान्यात तसाच फिरलो. साहेबांनी बोलावून 'घरी सगळं ठीक ना' म्हणून विचारलं. एवढं करून कापलं ते जरा जास्तच कापलं गेलं. किती जास्त? तर दुसऱ्या दिवशी त्यातून कोंबडी आत शिरली आणि इंजिनाच्या खाली अंडं घालून बसली. "आता तिला उठवू नगा, खुडुक हाय," मल्हार म्हणाला. एकवीस दिवस विमानाचं काम बंद. जगात कुठल्या विमान बांधणाऱ्याला असली रजा घ्यावी लागली असेल तर मला कळवा.

मग ते झाकण घेऊन एसटीनं दौंडला. कंडक्टरनं विचारलं, "पाळणा का?" मी मान डोलावली. खरं सांगितलं असतं तर सगळ्या गाडीला सांगत बसावं लागलं असतं. शेजारच्या मावशींनी "मुलगा का मुलगी?" म्हणून विचारलं आणि माझ्या टकलाकडे बघून "नातू असंल" असं स्वतःच ठरवून टाकलं. न्हावऱ्यापासून दौंडपर्यंत मी त्या नातवाच्या बारशाची माहिती देत होतो.

दुसऱ्यांदा झाकण आलं ते बसायला बरं होतं, पण पोपटरावांनी पुढच्या दोन भोकांना आतून गुलाबी रंग दिला होता. "गाईच्या नाकपुड्यांचा उरला हुता, म्हटलं वाया कशाला घालवा," ते म्हणाले. आता समोरून विमान बघितलं की ते हंबरेल असं वाटायचं.

एव्हाना सगळ्या वाडीला माझ्या कौलाची काळजी लागली होती. मी मोटरसायकलवरून येताना दिसलो की पारावरून हाक यायची, "पाव्हणं, बसलं का कौल?" आणि मग सल्ले. एकानं सांगितलं, खाली वासे नीट घ्या. दुसऱ्यानं सांगितलं, गावठी कौल घेऊ नका, मंगलोरी घ्या. एक म्हातारे आबा गंभीरपणे म्हणाले, "पाव्हणं, पत्रा टाका. माकडं कौल ठिवत न्हाईत." मी सगळ्यांना 'बरं' म्हटलं. सासुरवाडीत दुसरं काय म्हणणार?

आता एक गोष्ट सांगतो. ही मी कुणालाही सांगितली नव्हती.

मला उडायचं नव्हतं.

विमान बांधायला मला आवडतं. भोकात स्क्रू सरळ गेला की माझा दिवस चांगला जातो. पण लायसन्ससाठी मी एकट्यानं तीनदा उडालो आणि तिन्ही वेळा खाली उतरल्यावर धावपट्टीच्या कडेला गवतात बसून राहिलो. तिसऱ्या वेळी मी देवाला शब्द दिला की आता पुरे. मात्र हे सांगायचं कुणाला? चार वर्षं ज्यानं सगळ्यांना 'उडणार, उडणार' म्हणून सांगितलं, त्यानं कुठल्या तोंडानं सांगायचं? माझी सगळी भिस्त दिल्लीच्या कागदावर होती. उडायची परवानगी दिल्लीहून यायची होती आणि सरकारी कागद वेळेवर येत नाही, यावर माझी श्रद्धा होती. तो आला. सांगितल्या तारखेच्या दोन दिवस आधी आला! आयुष्यात पहिल्यांदा माझं सरकारी काम वेळेत झालं आणि मी डोकं धरून बसलो.

कागदात दोन अटी होत्या. झाकण नीट बसलेलं पाहिजे आणि ज्या मैदानावर चाचणी घ्यायची, त्याची स्थानिक परवानगी पाहिजे. मल्हारला फक्त 'परवानगी आली' एवढंच ऐकू आलं. चौथ्या दिवशी वाडीच्या फाट्यावर फ्लेक्स लागला. 'पाडव्याच्या मुहूर्तावर आमचे लाडके दाजी मा. हौसराव यांचे विमान उडणार! शुभेच्छुक: मल्हार मित्र मंडळ.' फोटो माझ्या आधार कार्डावरचा.

करुणानं तो फ्लेक्स खालपासून वरपर्यंत बघितला. "फोटोला हार तेवढा घालायचा राहिलाय," ती म्हणाली. त्यानंतर ती माझ्याशी बोललीच नाही. डबा भरून द्यायची, पण डब्यात भाजी कसली आहे तेही सांगायची नाही. बावीस वर्षांच्या संसारात तिनं मला एवढी मोठी शिक्षा कधी दिली नव्हती. रात्री ती जागी असायची, मीही जागा असायचो आणि दोघंही झोपल्याचं सोंग करायचो.

त्यात सुट्टीच्या एका मंगळवारी झाकण बसलं.

भर दुपार होती. मल्हार रानात, बाकी वाडी झोपलेली. सासूबाई तेवढ्या शेडच्या दारात भिंतीला टेकून बसल्या होत्या. हातात लोकर कातायची चाती आणि मान छातीवर, डुलक्या चाललेल्या. मी सहज वरचं झाकण ठेवलं आणि टक् आवाज आला. बावीसच्या बावीस भोकं समोरासमोर. पंख्यापाशी फट मोजली, सहा मिलिमीटर! चार महिने ज्याची वाट बघितली ते झालं. आता पाडवा आणि मी, मध्ये एका मैदानाच्या परवानगीशिवाय काहीच उरलं नव्हतं.

मी इकडंतिकडं बघितलं. डब्यातून रबराचे चार वायसर काढले आणि खालच्या झाकणाच्या मागच्या पट्टीखाली हळूच सरकवले. झालं! वरची भोकं जुळेनात. मी जोरात म्हटलं, "छे! आजही बसत नाही." एकतीस वर्षं क्वालिटीत काढून मी पहिल्यांदा मुद्दाम चूक केली होती. सांगायला लाज वाटते, पण त्या दिवशी मला दुपारची झोप फार छान लागली.

झाकण बसत नसलं तरी मैदानाच्या परवानगीचा अर्ज करणं भाग होतं, नाहीतर मल्हारला संशय आला असता. मी अर्ज लिहिला, 'विमानाचे काऊल बसवून झाल्यावर गायरानात चाचणी घेण्यास परवानगी मिळावी.' ग्रामपंचायतीतल्या कॉम्प्युटरवाल्या बाईंनी तो टाइप करताना माझी चूक सुधारली आणि 'कौल' केलं. तिसऱ्या दिवशी दोन माणसं टेप घेऊन शेड मोजायला आली. किती कौलं लागतील, शेड कुणाच्या नावावर आहे, आधी घरकुलाचा लाभ घेतलाय का! मी म्हटलं, कौलं छपराला नाहीत, विमानाला आहेत. त्यांनी एकमेकांकडे बघितलं आणि 'अर्जदार नीट माहिती देत नाही' असा शेरा मारून गेले.

मी ग्रामसेवक भाऊसाहेबांकडे गेलो. माणूस भला, पण कामानं पिचलेला. ते म्हणाले, "दुसरा अर्ज द्या. त्यात स्पष्ट ल्ह्या, हा कौल घराचा न्हाई म्हणून." मी लिहिलं, 'सदर कौल हा घराचा नसून विमानाचा आहे.' भाऊसाहेबांनी तो तीनदा वाचला आणि त्यांच्या चेहऱ्यावर प्रकाश पडला.

"मग असं म्हणा की! विमानाबद्दल गावाचा कौल पायजे तुमाला. ठिवतो की ग्रामसभेत."

"अहो, नाही, कौल म्हणजे ते इंजिनावरचं..."

"विषय क्रमांक सात," भाऊसाहेब लिहीत म्हणाले. "कडुनिंबाखाली, दहा वाजता."

ग्रामसभेत सहा विषय पाच मिनिटांत संपले. सातव्याला सगळे पुढं सरकून बसले. निवडणूक तोंडावर आलेली, त्यात विमान मल्हारच्या शेडमधलं. म्हणजे विमान उडालं तर मल्हारचं पॅनेलही निवडून आलं, असा साधा हिशेब. विरोधी पॅनेलच्या अण्णांनी उभं राहून सांगितलं की गायरानात शेळ्या चरतात आणि विमानाच्या आवाजानं त्यांचं दूध आटलं तर जबाबदार कोण? मल्हार म्हणाला, तुमच्या डीजेनं आटलं नाही ते विमानानं काय आटतंय. मग एकदम सगळेच बोलायला लागले. शेवटी हात वर करून मोजले तर एकेचाळीस इकडं आणि एकेचाळीस तिकडं. परत मोजले तरी तेच. माझं मत विचारलं, तर मी गावचा मतदार नाही म्हणून सुटलो. फार बरं वाटलं.

तेवढ्यात मागं बायकांतून सासूबाई उठल्या. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, पण आवाज आख्ख्या माळावर मेंढरं वळवलेला.

"मघाधरनं कौल कौल करताय," त्या म्हणाल्या. "ज्याचा हाय त्याला कुनी इचारलंय का? पाडव्याला बिरोबाला पाकळ्या लावू. उजवी पडली तर पाव्हण्यांनी उडावं. डावी पडली तर गप घरला जावं. आन् मंग कुनी त्वांड उघडायचं न्हाई."

भाऊसाहेबांनी तेही लिहून घेतलं. 'विषय क्रमांक सात: देवाकडे वर्ग.' आता तुम्हीच सांगा, मी अर्ज केला होता तो झाकण बसवल्यावर मैदान मिळावं म्हणून. तो आधी छपरावर गेला, मग गावाच्या डोक्यावर बसला आणि शेवटी देवाच्या दारी पोचला. आणि माझे चार वायसर? त्यांना आता काडीची किंमत उरली नव्हती. देवानं हो म्हटल्यावर वायसर काय करणार? मल्हार दहा माणसं लावून ते झाकण बसवून घेणार होता.

पाडव्याच्या सकाळी सगळी वाडी देवळासमोर जमली. केंदूरहून, कोरेगाव भीम्याहूनही लोक आले होते. पोपटराव दौंडहून कडक इस्त्रीचे कपडे घालून आले आणि भेटेल त्याला 'तोंड माझं, बाकी त्यांचं' असं सांगत होते. करुणा खांबाला धरून उभी होती. मी तिच्याकडे बघितलं तर तिनं मान फिरवली, पण डोळे भरलेले मला दिसले. त्या क्षणी मला वाटलं, ओरडून सांगावं, मला नाही उडायचं! पण समोर एवढा गाव, माझ्या अंगावर नवं उपरणं. नाही आलं तोंडातून.

पाकळ्या लावायचा मान आमच्या सासूबाईंच्या घराचा. त्यांनी झेंडूच्या दोन पाकळ्यांना तांब्यातलं पाणी लावलं, देवाच्या दोन्ही खांद्यांना एकेक चिकटवली आणि हात जोडून मागं सरकल्या. गुरव गाऱ्हाणं घालायला लागला. मी डोळे मिटले. मनात काय म्हटलं ते सांगत नाही, पण देवाला मी गेल्या चार वर्षांत एवढ्या कळकळीनं काही मागितलं नव्हतं.

"डावी!" कुणीतरी ओरडलं.

डोळे उघडले. डावी पाकळी खाली पडली होती, उजवी जागच्या जागी होती. गर्दीतून मोठा 'अरेरे' आला. लोकांनी माझ्याकडे बघितलं आणि मीही चेहरा शक्य तेवढा पाडला. "देवाच्या पुढं कुणाचं चालतं?" मी म्हटलं. आवाज कापत होता, लोकांना वाटलं दुःखानं. अण्णांनी स्वतः येऊन माझ्या पाठीवर हात ठेवला. "तुमची तयारी हुती पाव्हणं, आमी बघितली," ते म्हणाले. मल्हारनं शेडच्या दिशेनं बघितलं. मग त्याला काहीतरी आठवलं. "दाजी," तो म्हणाला, "विमान जरा कोपऱ्यात सरकवलं तर निम्मा कांदा आत येईल."

करुणा जवळ आली. किती तरी दिवसांनी तोंड उघडलं तिनं. "पुरण घातलंय," ती म्हणाली. "चला, लवकर जेवायला या." जगातलं कुठलंही लायसन्स मिळून मला एवढा आनंद झाला नसता.

जेवण झाल्यावर मी शेडमध्ये गेलो. विमान आपलं गुलाबी नाकपुड्या घेऊन उभं होतं. वायसर काढावेत म्हणून खालच्या पट्टीखाली बोट घातलं, तर तिथं काहीच नव्हतं. वायसर गायब! मी वाकून पट्टीखाली परत चाचपलं.

"हे हुडकताय का?"

सासूबाई दारात होत्या. त्यांनी पदराची गाठ सोडली. भंडाऱ्यात माखलेले चार वायसर माझ्या हातावर ठेवले.

"मामी, तुम्ही... तुम्ही त्या दिवशी झोपला होता ना?"

"मेंढराच्या मागं साठ वरसं काढली म्या. डोळं झाकून डुलकी घिती, कान उघडंच असत्यात." त्या उंबऱ्यावर बसल्या. "पाव्हणं, एखादं मेंढरू वड्याच्या काठाला येऊन थांबतं. पाय टेकतं, पर पुढं जात न्हाई. लोक म्हणत्यात वाट चुकलं. वाट न्हाई चुकत ते. त्याला जायाचं नसतंय. तवा त्याला वढू नये."

मी वायसर मुठीत मिटले. मग मी विचारलं, "पण मामी, कौल? डावी पाकळी पडली ती तर देवानंच..."

"डाव्या पाकळीला पाणी कमी लावलं," त्या म्हणाल्या. "देवाला सांगून लावलं. लेक माजी खांब धरून हुबी हुती."

मी खाली वाकलो आणि त्यांच्या पाया पडलो. पाडव्याला पाया पडायची रीत आहेच, त्यामुळे आत डोकावलेल्या मल्हारला काही वेगळं वाटलं नाही.

"उठा आता," सासूबाई म्हणाल्या. "आन् ते कौल बसवा. चार महिनं नुसतं ऐकतीया, कसं बसतंय ते बगू तरी द्या."

मी वरचं झाकण उचललं, ठेवलं आणि टक् झालं. बावीस स्क्रू सरळ आत गेले. व्हर्नियर लावून फट मोजली, सहा मिलिमीटर, एक केसही इकडंतिकडं नाही. सासूबाईंनी झाकणावरून हात फिरवला, जसा पूर्वी मेंढराच्या पाठीवरून फिरवत असतील तसा.

"बसलं की वो झ्याक," त्या म्हणाल्या. "आता ऱ्हाऊ द्या हितंच."